सातव्या पानावरची नदी

"म्याडम, आपल्या गावाला नदी कधी आली?"

हिंदुराव तात्यांनी हे विचारलं तेव्हा मी जलशुद्धीकरण केंद्राच्या पायरीवर बसून डबा खात होते. निळ्या पुठ्ठ्याची फाईल त्यांच्या मांडीवर उघडी होती आणि बोट सातव्या पानावर होतं. चष्मा नीट करून त्यांनी मला ते वाक्य शब्द लावत वाचून दाखवलं. 'नदीकाठच्या मारुती मंदिरामागील मुख्य व्हॉल्व्ह तातडीने बंद करावा.'

आमच्या खडसवडला नदी नाही. एक ओढा आहे, तोही पावसाळ्यापुरता. गावाचं पाणी अठरा किलोमीटरवरच्या धरणातून पाइपानं येतं. मारुती आहे, पण तो भर बाजारचौकात, आणि त्याच्या मागं व्हॉल्व्ह नसून उसाच्या रसाचं दुकान आहे. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मी हर्षदा गुरव, तेव्हा सव्वीस वर्षांची, खडसवड नगरपरिषदेची पाणीपुरवठ्याची नवीकोरी कनिष्ठ अभियंता. नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याच्या दोन वर्षं आधी आमची सगळी पाणीयोजना संगणकावर आली होती. पंप चालू-बंद करणं, व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं, टेकडीवरच्या उंच टाकीत किती पाणी आहे ते बघणं, सगळं एका खोलीतल्या पडद्यावरून चाले आणि त्या पडद्यापुढे अजीज शिकलगार नावाचा शांत स्वभावाचा ऑपरेटर बसे. मग वरून पत्र आलं की, सायबर हल्ला झाला तर काय करणार याचा आराखडा प्रत्येक गावानं पंधरा दिवसांत द्यावा. मला हसूच आलं. खडसवडवर हल्ला करायचा तर हल्लेखोराला आधी खडसवड सापडायला तर पाहिजे. माझा एक वर्गमित्र घाटसंगम नावाच्या गावी होता. त्याच्याकडून त्यांचा आराखडा मागवला, गावाचं नाव बदललं, माणसांची नावं बदलली आणि एका दुपारीत काम उरकलं. महिन्याभरानं वरून उत्तर आलं, 'आराखडा परिपूर्ण आहे.' ते पत्र मी आईला वाचूनही दाखवलं होतं.

शेवटच्या पानावर पाणी विभागातल्या सगळ्यांनी 'वाचला व समजला' म्हणून सही करायची होती. एकवीस जणांनी जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवून दहा मिनिटांत सह्या ठोकल्या. बाविसावे तात्या. हिंदुराव लोहार, व्हॉल्वमन, म्हणजे गल्लीगल्लीत पाणी सोडणारा माणूस. चौतीस वर्षं नोकरी झालेली, पुढच्या जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. तरुणपणी एका साहेबानं त्यांची कोऱ्या कागदावर सही घेतली आणि फुटलेल्या पाइपाचं खापर त्यांच्यावर फोडलं. तेव्हापासून तात्या भडंगाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसत. फाईल त्यांनी घरी नेली आणि चार दिवसांनी ही नदी घेऊन आले.

खोटं बोलायला जागाच नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. आता हे मुख्याधिकाऱ्यांकडे जाणार आणि आपली नोकरी कायम व्हायच्या आधीच संपणार, या विचारानं माझी पाचावर धारण बसली होती. तात्यांनी फाईल मिटली. सही केली नाही, ओरडलेही नाहीत.

"उद्या पानी सोडून झालं की चपला घालून या," ते म्हणाले. "सँडल नको. चालायचं हाय."

आम्ही नऊ दिवस रोज सकाळी चाललो. धरणापासून टेकडीपर्यंत, टेकडीपासून खालच्या पेठेपर्यंत. प्रत्येक ठिकाणी तात्या थांबत आणि एकच प्रश्न विचारत, "समजा, हे बंद पडलं. मग?" मी वहीत लिहून घेई. उत्तर आलं नाही की ते पुढं जात नसत. उन्हात उभी राहून मी पहिल्यांदा माझी योजना बघत होते. तिचे नकाशे मला तोंडपाठ होते, पण योजना मी बघितली नव्हती.

टेकडीवरच्या टाकीला बाहेरून एक जुनी पट्टी होती. आत तरंगणाऱ्या गोळ्याला दोरी बांधलेली, दोरीचं दुसरं टोक बाहेर एका काट्याला. पाणी चढलं की काटा हलतो आणि खालून उभ्या माणसालाही कळतं टाकी किती भरली. संगणक आल्यापासून तिकडं कुणी बघितलं नव्हतं. काटा गंजून एकाच जागी बसला होता, आकडे उडाले होते. तात्यांनी दोरी बदलली, पुलीला तेल दिलं आणि अजीजच्या हातून आकडे रंगवून घेतले. "तहान लागल्यावर हीर खनायची नस्ती," एवढंच म्हणाले.

व्हॉल्व्हची गोष्ट त्याहून वाईट निघाली. नवे व्हॉल्व्ह विजेवर फिरत, पण हातानंही फिरवता यावेत म्हणून त्यांना लोखंडी चाकं होती. ठेकेदारानं ती काढून ठेवली होती, कुणी उगाच हात लावू नये म्हणून. शोधत शोधत गोदामात गेलो तर सगळी सहा चाकं भंगाराच्या ढिगात, लिलावाच्या यादीत अनुक्रमांक अकरावर. आठवडाभर उशीर झाला असता तर ती वितळली असती. तात्यांनी ती धुऊन पुसून आपापल्या जागी साखळीनं बांधली आणि प्रत्येकावर व्हॉल्व्हचा नंबर घातला.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो एका वायरीला. अजीजच्या संगणकातून एक निळी वायर निघे. तिच्यावरूनच तो नगरपरिषदेच्या कचेरीला आणि बाहेरच्या जगाला जोडलेला होता. हल्ला झाला की पहिल्यांदा ती वायर उपसायची, म्हणजे रोग पसरत नाही, हे मला माहीत होतं. तात्यांनी विचारलं, वायर काढायची कुणी? मी म्हटलं, अजीजनं मला फोन करायचा, मी मुख्याधिकाऱ्यांना, मग त्यांची परवानगी आली की.

"साहेब मीटिंगला असलं तर?"

आमच्या नगरपरिषदेत साहेबांना विचारल्याशिवाय पंखाही बंद होत नसे. चुकून काही केलं तर जाब विचारला जाई. काही न करता बसलेल्याला मात्र कधीच कुणी काही विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही दोघं मुख्याधिकारी सरनाईक साहेबांच्या दालनात गेलो. मी पहिलं पान नव्यानं लिहून नेलं होतं. त्यावर दोनच वाक्यं होती. पहिलं, 'जो आधी बघेल त्याने वायर काढावी, परवानगीची वाट पाहू नये.' दुसरं तात्यांनी घालायला लावलेलं होतं, 'ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने लगेच सांगावे, त्याला जाब विचारला जाणार नाही.' साहेबांनी पान दोनदा वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. उद्या कुणीही उठून वायर काढील, म्हणाले. विनाकारण काढली तर?

"मग परत लावायची," तात्या म्हणाले. "वायर हाय सायेब, शेपूट न्हाई."

साहेब हसले. हसता हसता त्यांनी सही केली. ती सही किती मोलाची आहे हे त्या क्षणी त्यांना कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. नवी फाईल झाली तेव्हा ती सगळी मिळून अकरा पानांची होती. तात्यांनी तिच्यावर सही केली. अडचण आली तर कुणाला फोन करायचा त्यांची नावं सातव्या पानावर होती आणि पहिलं नाव त्यांचंच होतं.

मे महिन्यातला गुरुवार होता. गावाला एक दिवसाआड पाणी येई आणि त्या संध्याकाळी पाचला खालच्या पेठेचा नंबर होता. ग्रामीण रुग्णालयही खालच्या पेठेतच. त्यांची टाकी सकाळीच तळाला लागली होती. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अजीजचा फोन आला.

"मॅडम, स्क्रीन लाल झालीय. इंग्रजीत काहीतरी लिहिलंय, सगळं कुलूपबंद केलंय, पैसे द्या म्हणून. मी वायर काढलीय." मग त्यानं विचारलं, "चूक झाली काय?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर केलंत."

मी फाईल उचलली आणि कचेरीकडे धावले. कचेरीत पोचले तर हेडक्लार्क पोतदार भाऊसाहेब व्हरांड्यात उभे राहून सगळ्यांना फर्मावत होते की, आपापला संगणक चालू करून बघा, कुणाकुणाचा गेलाय. माणसाचा स्वभावच आहे तो. शेजारी चोरी झाली की आपण आपली पेटी उघडून बघतो. फरक एवढाच की इथं उघडलेली प्रत्येक पेटी चोराच्या हातात जाणार होती. मी म्हटलं, कुणीही काहीही चालू करू नका, भिंतीतल्या निळ्या वायरी उपसा. भाऊसाहेब म्हणाले, साहेबांना विचारल्याशिवाय कशालाही हात लागणार नाही. साहेब जिल्ह्याच्या गावी बैठकीत होते आणि त्यांचा फोन बंद होता.

मी फाईलचं पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी सही ओळखली. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. दुसरं पुन्हा वाचलं. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "गुरव मॅडम, मघाशी एक मेल आली होती. वरच्या कार्यालयाची वाटली. तिच्यासोबतचा कागद मी उघडला. त्यानंतरच..."

अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. डोळे भरून आले होते त्यांचे. दुसरं वाक्य तिथं नसतं तर ते कधीच बोलले नसते, आणि रोग कुठून शिरला हे शोधण्यात आमचे आठ दिवस गेले असते. मी म्हटलं, भाऊसाहेब, सांगितलंत हे फार चांगलं केलंत, आता वायरी काढू. त्यानंतर त्यांनी स्वतः टेबलांखाली शिरून सतरा वायरी उपसल्या. जन्ममृत्यूच्या नोंदींचा संगणक वाचला तो त्यांच्यामुळे.

आता पाणी. तात्या त्या दिवशी रजेवर होते. तीस किलोमीटरवर लेकीच्या गावी नव्या घराची वास्तुशांत होती. मी सातवं पान उघडलं आणि फोन लावला. मागं सनई वाजत होती.

"वायर काढली काय?" त्यांनी विचारलं.

"काढली."

"पंप?"

"अजीजनं खटका फिरवून हातावर घेतलाय."

"मग मला कशाला फोन केलासा?"

मी म्हटलं, तात्या, तुम्ही या. जीप पाठवते. सहा व्हॉल्व्ह आहेत, टाकी आहे, पाचला पाणी सोडायचंय, रुग्णालय कोरडं आहे.

"मी येत न्हाई," ते म्हणाले. "कागद हाय न्हवं?" आणि फोन ठेवला.

मला राग आला. एवढा राग मला त्या लाल पडद्याचाही आला नव्हता. नऊ सकाळी उन्हात फिरवलं आणि वेळेला हा माणूस वास्तुशांतीचं जेवण सोडायला तयार नाही. पण रागवायलाही वेळ नव्हता. फाईल उघडली आणि पान दोनपासून सुरुवात केली. एक माणूस टेकडीखाली काट्यावर नजर ठेवून उभा राहिला. दर पंधरा मिनिटांनी त्यानं अजीजला आकडा सांगायचा आणि अजीजनं पंपाचं ठरवायचं. दोघंदोघं मिळून व्हॉल्व्हवर गेले. चाकं जागेवर होती, नंबर दिसत होते. तिसरं चाक इतकं कुरकुरलं की मला वाटलं आता तुटतंय. तिघांनी मिळून ओढलं तेव्हा फिरलं.

तीन वाजता वेगळंच संकट उभं राहिलं. हल्ल्याची बातमी गावात पसरली होती आणि पसरता पसरता तिचं रूप बदललं होतं. कुणीतरी पाण्यात विष कालवलंय, असा निरोप फोनाफोनांवर फिरत होता. खालच्या पेठेत बायका भरलेल्या घागरी गटारात ओतत होत्या. पाणी पाचला सोडलं असतं तरी कुणी भरलं नसतं.

याचंही पान होतं. आठवं. 'लोकांना काय सांगायचे.' तात्यांनी मला तेव्हा खूप छळलं होतं. माझं सहा ओळींचं निवेदन ऐकून म्हणाले होते, एवढं ऐकस्तवर मानूस अर्धा गाव पळून जाईल. शेवटी तीन वाक्यं उरली होती. कचऱ्याच्या घंटागाड्यांचे भोंगे घेऊन आम्ही ती गल्लोगल्ली फिरवली. "संगणक बंद पडला आहे. पाणी चांगले आहे, तपासले आहे. पाचला येईल, मॅडम स्वतः चौकात पिऊन दाखवतील."

शेवटचं वाक्य तात्यांचं. लिहून घेताना मी हसले होते. आता मात्र बाजारचौकात मारुतीसमोर दीडदोनशे माणसं जमली होती आणि मी तांब्या घेऊन उभी होते. पाणी खरोखर तपासलेलं होतं. नळीत औषध टाकून रंग बघितला होता, क्लोरीन बरोबर होतं. एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, "सगळा पी गं तांब्या. घोटभर कुनीबी पील." मी सगळा प्यायले. म्हातारीनं माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, मग मागं वळून सुनेला म्हणाली, जा, घागरी घासून ठेव.

पाचला सात मिनिटं असताना टेकडीवरून निरोप आला, काटा अकरावर. म्हणजे टाकी भरली. आम्ही चौथा व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून आधी हवा फुसफुसली, मग घरघर, आणि मग रुग्णालयाच्या आवारातल्या नळाला पाणी आलं. तिथल्या परिचारिकेनं नळाखाली हात धरला आणि कुणालातरी आत हाक मारली. मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. लाज वाटली नाही.

संगणक परत सुरू व्हायला एकोणीस दिवस लागले. पैसे कुणी दिले नाहीत. दर शुक्रवारी अजीज सगळ्या नोंदींची नक्कल हार्ड डिस्कच्या एका डबीत घेऊन ती कुठल्याही वायरीला न जोडता कपाटात ठेवत असे, तेही नवव्या पानावर होतं. त्या नकलेवरून सगळं पुन्हा उभं केलं. ते एकोणीस दिवस गाव हातानं चाललं आणि पाण्याचा एकही वार चुकला नाही. भाऊसाहेबांना कुणी जाब विचारला नाही. सरनाईक साहेबांनी आपली सही पाळली.

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले. मी रुसून बसले होते. त्यांनी ते बघितलं. "तिसरं चाक कुरकुरलं आसंल," एवढंच म्हणाले. "दर म्हैन्याला तेल घालायचं म्हनून लिवा." मी लिहिलं. जूनमध्ये ते निवृत्त झाले, मी नारळ आणि शाल दिली, पाया पडले. त्या दिवसाचं काही विचारलं नाही. मनात एक सल राहिला तो राहिलाच.

परवा, म्हणजे मागच्या महिन्यात, तो निघाला. आता माझ्याकडे विभागातल्या गावांचे असे आराखडे तपासायचं काम आहे. अडीचशे किलोमीटरवरच्या एका गावी गेले होते. तिथला अभियंता, उबाळे नावाचा, हुशार आणि नीटनेटका मुलगा. आराखडाही तसाच नीटनेटका. मी सवयीनं सातवं पान उघडलं. 'अडचण आल्यास प्रथम हिंदुराव लोहार, व्हॉल्वमन, यांना कळवावे.' खाली नंबर.

उबाळेंच्या गावात या नावाचा कुणी नव्हता हे त्यांच्या लाल झालेल्या कानांवरूनच कळलं. मी फोन काढला, आवाज मोठा केला आणि नंबर लावला. नऊ वर्षांत मी तो कधी लावला नव्हता, याची मला तेव्हा लाज वाटली. चौथ्या घंटीला उचलला.

"हां, बोला. वायर काढली काय?"

मी म्हटलं, "तात्या, मी हर्षदा गुरव."

त्यांना खूप आनंद झाला. नातवंडांचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मग म्हणाले, वर्षभरात असे चार फोन आले. कुठली कुठली गावं. पहिल्यांदा वाटलं चुकून लागला. आता वायरीचं झालं की लगेच विचारतो, तुमच्या गावाला नदी हाय का न्हाई. आमच्या खडसवडच्या आराखड्याच्या कुठकुठं नकला गेल्या होत्या देव जाणे. मी म्हटलं, तात्या, तुम्हाला उगाच त्रास. नंबर काढून टाकायला लावते सगळीकडून.

"काढू नका," ते म्हणाले. "फोन करत्यात म्हंजे सातव्या पानापत्तर वाचत्यात की."

उबाळे खाली मान घालून हसले. मीही हसले आणि त्या हसण्याच्या भरात इतकी वर्षं न विचारलेलं विचारून टाकलं. त्या दिवशी का आला नाहीत?

"आलो हुतो की."

"कुठं?"

"तीनच्या यष्टीनं. मारुतीमागं रसाच्या दुकानात बसलो हुतो. तुमी तांब्या प्यालासा, ती म्हातारी बोलली, समदं बघितलं. पाचला नळाचा आवाज ऐकला आनि परत गेलो. लेक लई चिडली हुती."

"मग पुढं का आला नाहीत, तात्या? आम्ही किती घाबरलो होतो."

"मी दिसलो आस्तो तर समद्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आस्तं," तात्या शांतपणे म्हणाले. "कागद कुनी वाचला आस्ता? आनि जूनपासनं मी न्हवतोच की."

मी फोन ठेवला. उबाळेंनी पाण्याचा पेला पुढं केला आणि हळूच विचारलं, "मॅडम, हे पान आत्ता बदलून देऊ का?"

"पानाचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी तुमच्या व्हॉल्वमनना बोलवा. आणि बूट काढून चपला घाला. चालायचंय."